दमलेल्या जनावराला दिलेली सुई

मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण या सगळ्यात ‘मला कुठं ठाऊक होतं’ असं म्हणून निसटायला भरपूर जागा आहे आणि मी ती पुष्कळदा वापरूनही पाहिली आहे. कॉलेजात आमच्या एका मास्तरांनी अख्खा तास मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या एका इवल्याशा ग्रंथीवर घालवला होता. जनावर घाबरलं, उपाशी राहिलं, उन्हातान्हात लांब चाललं, की ती ग्रंथी रक्तात एक रस सोडते. घटकाभर तो जिवाला तारतो. पण रोजच्या रोज पाझरत राहिला, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींची लढायची ताकद काढून घेतो आणि मग एरवी अंगात गप्प पडून असलेला जंतूही जनावराला आडवं करतो. परीक्षेत मी हे आकृतीसकट लिहिलं होतं आणि मास्तरांनी पेपर वर्गात वाचून दाखवला होता. असा मी हुशार.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या इतक्या ताज्या होत्या, की आमचा शिपाई एका पाटीला टेकून उभा राहिला आणि दिवसभर पाठीवर निळी अक्षरं घेऊन हिंडला. जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं टेबलं आली, त्यांचे खण मागे राहिले. प्रयोगशाळा म्हणून मिळालेल्या खोलीत मायक्रोस्कोप आला, रक्ताची काच रंगवायची बाटली आली, पण पेशी मोजायचं छोटं यंत्र काही आलं नाही. मग मी शोध लावला. डाळमिलच्या गावात दाण्यांना काय तोटा? काचेवर पांढऱ्या पेशींतली लिम्फोसाइट दिसली की एका वाटीत तुरीचा दाणा टाकायचा, न्यूट्रोफिल दिसली की दुसऱ्या वाटीत हरभरा. शंभर झाले की मोजायचं. धडधाकट गाई-बैलांत तुरीची वाटी हरभऱ्याच्या दुप्पट भरते. या युक्तीचं मला फार कौतुक होतं आणि ते मी येईल-जाईल त्याला ऐकवत असे.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. कंधारकडून येणाऱ्या रस्त्याला, नव्या हद्दीच्या जरा आत, कोरड्या तलावाच्या काठच्या माळावर जनावरांची छावणी उघडली आणि तिथला डॉक्टर म्हणून मला धाडलं. मला तिशीही लागली नव्हती. हाताखाली एक पट्टीबंधक होते, म्हणजे जनावर धरणारे, सुया उकळणारे, जखमा धुणारे. निजामाच्या अमदानीत घोड्यांच्या दवाखान्यात लागलेले, आता निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचो. फक्त हाक चाचाची असे आणि सूर साहेबाचा.

छावणीत दावणी लावायचं काम माझं. मी ते मन लावून केलं, हेच तर दुःख आहे. हाडं निघालेली जनावरं पाण्याच्या हौदाजवळच्या दावणीला, म्हणजे त्यांना पेंडीचा वाटा जास्त देता येईल. बरी जनावरं माळाच्या पलीकडच्या अंगाला. दूध न पिणारी वासरं वेगळी. शिंगांवर रंगानं आकडे. दुरून पाहिलं की सगळं शाळेच्या कवायतीसारखं सरळ दिसायचं. वरून हुकूम असा, की जनावर फाटकातून आत आलं की तिथल्या तिथं घटसर्पाची लस टोचायची, मगच वैरणीचं कार्ड. घटसर्प म्हणजे गळा सुजून दिवसाच्या आत जनावर नेणारा रोग. छावणीत शिरला तर दावणीच्या दावणी रिकाम्या करेल, ही भीती खरीच होती.

चाचा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “साब, चालून आलेलं जनावर हाय. चार रोज दम खाऊ द्या, पोटात काही जाऊ द्या, मग टोचू.”

“चाचा, कार्ड कसं देणार मग? हुकूम वाचलात ना?”

“हुकूम वाचला. जनावर बी बघून राहिलो ना मी.”

मी पुढच्या जनावराचं कार्ड लिहायला घेतलं. त्यांचं बरोबर आहे हे मला पटलं होतं, पण घोड्याच्या दवाखान्यातल्या माणसानं मला माझाच धडा म्हणून दाखवावा, याचा रागही आला होता.

आठवडाभरानं ती बाई आली. कंधारच्या बाजूच्या एका खेड्यातली शेतकरीण, पन्नाशीची, दोन्ही हातांत दोन कासरे, पायांत वहाण नाही. तीन दिवस चालून आली होती. बैलजोडी लाल कंधारी, त्या भागातली जुनी जात, तांबडा रंग, काळेभोर डोळे. कार्ड लिहिता लिहिता तिनं न विचारता सगळं सांगितलं. नवरा लकव्यानं खाटेला लागलेला. घरात दिराचं चालतं. दीर म्हणाला, वैरण संपली, जोडी बाजारात काढू, मिळंल त्या भावानं. बाजारात गेलेलं जनावर तेव्हा कुठं जायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. हिनं साफ नाही म्हटलं. जोडी राहिली तर पाऊस पडल्यावर आपलं रान आपण पेरू, नाहीतर रान दिराच्या हातात जाईल आणि आपण त्याच्या दारात.

“मी बोलून आले साहेब,” ती म्हणाली. “म्हनलं, दोघांला बी जित्तं वापस आणते. न्हाई आणलं तर मग तुमी म्हनाल तसं.”

मी मान हलवली आणि बैलांकडे पाहिलं. डावीकडचा बरा होता. उजवीकडच्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. मी दोघांना दोन दावणींचे आकडे दिले.

ती पुढं झाली. “साहेब, जोडी फोडू नका. ह्यो डाव्या अंगाचा हाय, त्यो उजव्या. सात साल झालं, एका दावणीला हायत. येगळं बांधलं की खात न्हाईत.”

“मावशी, इथं काय औत ओढायचंय?” मी हसून म्हणालो. “उजव्यात जीव नाही. तिकडं बांधला की पेंड जास्त मिळेल. तुमच्याच भल्याचं सांगतोय.”

आमच्या भागात बैलाची बाजू ठरलेली असते. गोऱ्हा जुवाला लावला, की डाव्या बाजूचा तो मरेपर्यंत डाव्याच बाजूचा. ओढताना, चरताना, गोठ्यात बसतानासुद्धा त्याचा जोडीदार त्याच्या एकाच अंगाला असतो. हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या आजोळी चार बैल होते. पण मी डॉक्टर झालो होतो आणि बैलाकडे मी आता वजन, ताप आणि शेण एवढ्यावरून बघत होतो. चाचांनी दोघांना सुया टोचल्या आणि बाई उजव्याला घेऊन हौदाकडे गेली. डाव्याला एका गड्यानं पलीकडे नेलं. दोन्ही बैल माना वळवून हंबरत होते. सगळीच नवी जनावरं हंबरतात, असं मी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी दहा-बारा जनावरांचं रक्त काचेवर घेतलं. मला शंका होती गोचीड तापाची. त्यात बाईचा उजवा बैलही घेतला, कारण तो खात नव्हता. पेंड पुढ्यात, आणि हा पलीकडच्या दावणीकडे तोंड करून उभा. जीपनं लातूरला गेलो, काचा रंगवल्या, वाट्या मांडल्या. गोचीड तापाचा जंतू एकाही काचेवर नव्हता. पण हरभऱ्याची वाटी भरत चालली आणि तुरीचे दाणे तळाला चार. दुसरी काच, तेच. तिसरी, तेच. एका जातीच्या पेशी असतात, लालभडक दाण्यांनी भरलेल्या, त्यांच्यासाठी मी मूग ठेवले होते. बैलाच्या काचेवर मुगाला हातसुद्धा लावावा लागला नाही. मी पुन्हा मोजलं. मास्तरांनी फळ्यावर काढलेलं चित्र हेच होतं. ही आजारी जनावरं नव्हती. ही भ्यालेली, थकलेली, एकटी पडलेली जनावरं होती आणि त्यांच्या अंगात तो रस दिवसरात्र पाझरत होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी यावर जमेल तेवढं वाचलं. तो रस रक्तात चढला की तुरीच्या पेशी, म्हणजे ज्या लसीची ओळख धरून पुढच्या लढाईची तयारी करतात त्या, रक्तातून निघून हाडांच्या मगजात नि इकडंतिकडं जाऊन बसतात. उरलेल्या सुस्तावतात, आपली संख्या वाढवत नाहीत. लस टोचली काय नि पाणी टोचलं काय, फारसा फरक राहत नाही. हरभऱ्याच्या पेशी मात्र रक्तात वाढलेल्या दिसतात. बघणाऱ्याला वाटतं फौज आली. पण त्यांचा शिरेच्या भिंतीला चिकटायचा गुणच गेलेला असतो आणि चिकटल्याशिवाय भिंतीतून बाहेर पडता येत नाही. दंगल गावात आणि पोलिसांच्या गाडीचं दार उघडेना, तशी गत. गाडी नुसती गावाभोवती फिरत राहते. आणि घटसर्पाचा जंतू तर कित्येक जनावरांच्या घशात आधीपासूनच असतो. त्याला बाहेरून यावं लागत नाही.

एवढं सगळं मला त्या दिवशी माहीत नव्हतं. पण पुरेसं होतं.

मी काचा घेऊन वरिष्ठांकडे गेलो. म्हटलं, लस लागलेली नाही. आता जनावरांना विश्रांती द्यायची, जोड्या आणि गाई-वासरं एकत्र बांधायची आणि दोन आठवड्यांनी सगळ्यांना परत टोचायचं.

त्यांनी काचा बाजूला ठेवल्या. वाईट माणूस नव्हता तो, फार थकलेला होता. “गोचीड ताप नाही ना?”

“नाही सर.”

“मग झालं तर. एकदा दिलेली लस परत दिली, तर पहिली कुठं गेली असं विचारतील. काय सांगू, तुमच्या तुरी-हरभऱ्याचं सांगू? परवा पाहणी आहे. मोठे लोक येतायत. ती होऊ द्या, मग बोलू.”

लसीचं त्यांच्या हातात होतं, मान्य. पण दावणी माझ्या हातात होत्या. त्याच संध्याकाळी मी छावणीत परतल्यावर नुसतं ‘सोडा आणि जोड्या लावा’ म्हटलं असतं, तर तासाभरात झालं असतं. चाचा वाटच बघत होते. मी ते म्हटलं नाही. का? पाहणीला आलेल्यांना सरळ रांगा दाखवायच्या होत्या मला. शिंगांवरचे आकडे ओळीनं दिसायला हवे होते. नव्या जिल्ह्यातला नवा डॉक्टर, कोणीतरी पाठीवर हात ठेवेल असं वाटत होतं. हे कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. लिहिताना आजही लाज वाटते.

बाई हौदापाशी उभी होती. “साहेब, पानी पिऊन राहिला, पर खात न्हाई. एक डाव त्याच्याजवळ बांधून तर बघा.”

“परवा,” मी म्हणालो. “परवा नक्की बांधू, मावशी.”

“परवा?”

“हो. शब्द देतो.”

दुसऱ्या दिवशी गरम वारा सुटला. पाण्याचा टँकर दुपार टळली तरी आला नाही. जनावरं जिभा काढून उभी होती आणि मी रस्त्याकडे डोळे लावून बसलो होतो. टँकर आला तेव्हा दावं तोडून चार जनावरं हौदात पडली. त्यांना काढण्यात दिवस गेला. पाहणीच्या दिवशी सकाळी चाचा मला बोलवायला आले ते धावत आले. त्या वयाच्या माणसाला मी धावताना कधी पाहिलं नव्हतं.

उजवा बैल मान लांब करून उभा होता. गळ्याखाली सूज, कढत, दाबली तर बोट रुतत नव्हतं. तोंडातून लाळेच्या तारा. प्रत्येक श्वासाला घशात घुरघुर. त्याच दावणीतली आणखी दोन तशीच, तिसरं खाली बसलेलं. मी सल्फा औषधाच्या बाटल्या फोडल्या, शिरेत सुई घातली, पहिल्यांदा शीर चुकली. चाचांनी माझ्या हातातली सुई घेतली आणि बसवली. बाटल्या पाच होत्या. लातूरहून आणखी यायला वेळ लागणार होता.

“सुई दिल्ती ना तुमी?” बाई म्हणाली. तिनं बैलाचं तोंड आपल्या पदरावर घेतलं होतं. “माझ्यासमोर दिल्ती की.”

“दिली होती.”

“मग?”

मी बाटली वर धरून उभा होतो. तिला काय सांगू? त्या ग्रंथीचं सांगू, वाट्यांचं सांगू? सांगायला एकच वाक्य पुरेसं होतं आणि ते मराठीतच होतं. ते मला काढवेना.

मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी बाटली चाचांच्या हातात दिली आणि पलीकडच्या दावणीला पळत गेलो. डाव्या बैलाचा कासरा सोडला. त्याला ओढावंही लागलं नाही, तोच मला ओढत घेऊन आला. उजव्याच्या शेजारी आल्यावर तो आपल्या बाजूला, डाव्या अंगाला, जाऊन उभा राहिला आणि त्यानं खांद्याला खांदा लावला. उजव्यानं डोळे उघडले. त्याला खाली बसायचं होतं, पण आता तो बसेना. घुरघुर करत, जोडीदाराला टेकून, तो तसाच उभा राहिला. बाई त्याच्या तोंडाशी कडब्याचं पान धरत होती. त्यानं ते ओठांत घेतलं. चावलं नाही. मला वाटलं, आता वाचेल. मी देवाला न मानणारा माणूस, त्या माळावर उभ्यानं महादेवाला म्हणालो, एवढा एक सोड.

दुपारी तो गेला. पाहणीच्या गाड्या तेव्हा फाटकात शिरत होत्या. मी भेटायला गेलो नाही. जाऊन काय दाखवणार होतो? मी छावणीतल्या गड्यांना गोळा केलं आणि सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं, दावणी मोडा, जोड्या लावा, वासरं आयांजवळ सोडा. साहेबांच्या गाड्यांपुढून जनावरं आडवीतिडवी पळत होती. माझी कवायत अर्ध्या तासात मोडली. त्यासाठी मला नंतर नोटीस आली आणि लसीची दुसरी फेरीही पुढं झाली, कारण मरणारी जनावरं आता पाहणीवाल्यांनीच पाहिली होती. आठवड्यात आणखी काही गेली, पुष्कळ वाचली. कोणी म्हणेल, शेवटी डॉक्टरनं केलंच की. केलं, दोन दिवस उशिरा. ते दोन दिवस मी कुठं ठेवू?

बाई दुसऱ्या दिवशी निघाली. मी तिला म्हटलं, डाव्याला राहू द्या, वैरण आहे, पाऊस पडेपर्यंत सांभाळू. तिनं मान हलवली. एकट्या बैलाचं काय करणार, तो दिराच्या हवाली करायचा आणि तो म्हणेल तसं राहायचं. तसं बोलणंच झालं होतं. तिच्या आवाजात रडू नव्हतं, भांडण नव्हतं, काहीच नव्हतं. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“एक करा साहेब,” ती म्हणाली. “घरी म्हनतील, हिनं सुई टोचूनच घेतली नसंल, हिच्याच हयगयीनं गेला. मला कागद लिहून द्या.”

मी टेबलाशी बसलो. चाचा तंबूच्या दारात उभे होते. काय खरं आहे ते मला लिहिता आलं असतं. तीन दिवस चालून आलेल्या, उपाशी, जोडीपासून तोडलेल्या जनावराला लस टोचली, ती लागणार नाही हे डॉक्टरला कळलं होतं आणि तरी तो थांबला. तो कागद घेऊन ती दिरापुढं ताठ मानेनं उभी राहिली असती. मी पेन उचललं आणि लिहिलं, ‘सदर बैलास घटसर्प प्रतिबंधक लस वेळेवर टोचण्यात आली होती. बैल रोगाने मृत.’ खाली सही केली. चाचा वळून निघून गेले.

“वाचून दाखवा,” बाई म्हणाली.

मी वाचलं.

“परत एक डाव. मला वाचता येत न्हाई. रस्त्यानं पाठ करत जाते.”

मी परत वाचलं. ती माझ्यामागून ओठ हलवत होती. ‘वेळेवर’पाशी तिची जीभ अडखळली. मी तो शब्द तिला सावकाश सांगितला, तिनं तो दोनदा म्हणून पाहिला आणि जमला तशी मान डोलावली. मग कागदाची घडी कनवटीला खोचून, बैलाचा कासरा धरून, ती कंधारच्या रस्त्याला लागली. फाटकापर्यंत तिचा आवाज मला ऐकू येत होता. येळेवर टोचली व्हती, येळेवर टोचली व्हती, असं ती म्हणत होती.